चौदा नंबरचे बूट

माझ्या रीडिंगच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस दारातच एक पाऊल मागे घेतो. समोर हँगरवर हिरवी जर्सी टांगलेली, तिच्या आत खांद्यांचं प्लास्टिकचं चिलखत. त्यामुळे मुंडकं नसलेला कुणी दांडगा इसम उभा आहे असं वाटतं. जर्सीवर आकडा चौसष्ट.

"हे काय रे दत्ता, रग्बी?"

"नाही, अमेरिकन फुटबॉल."

"पण तू तर इंग्लंडमध्ये राहतोस!"

हा प्रश्न ऐकून ऐकून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांनी लीड्स पाहिलेलं नाही आणि हा खेळही पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो.

काही वर्षं युरोपात या खेळाची एक व्यावसायिक लीग चालत होती. लीड्सच्या बाजूला तिचा एक संघ होता, 'नॉर्दर्न स्टॅग्ज'. बहुतेक खेळाडू अमेरिकेहून आणलेले. पण प्रत्येक संघाने थोडे स्थानिक गडी मैदानात उतरवलेच पाहिजेत, असा लीगचा नियम होता. मी कामासाठी पहिल्यांदा या देशात आलो तेव्हा माझं पोस्टिंग लीड्सलाच होतं. ऑफिसातल्या एकाने फुकटचं तिकीट दिलं म्हणून गेलो. खेळातलं ओ की ठो कळेना. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू बहुतेक वेळ हातात! पण मधल्या रांगेतले जाडजूड गडी छातीला छाती भिडवून एकमेकांना रेटायला लागले, आणि मला सांगलीचा हळद बाजार आठवला.

माझे वडील, आण्णा, त्या बाजारात हमाल होते. हमालांचा कबड्डीचा संघ होता आणि आण्णा त्यात कोपरा सांभाळायचे. संघाला गणवेश शिवावा लागला नाही. दिवसभर हळदीची पोती पाठीवर घेऊन सगळ्यांची बनियनं आपोआप एका रंगाची व्हायची. आण्णांचं ते बनियन पुढे आईने स्टोव्ह पुसायला घेतलं. "बनियन काय जपून ठेवायचं असतं होय?" असं ती आजही विचारते. मला विचाराल तर असतं.

तर त्या सामन्यात एक चौसष्ट नंबरचा गोरा, लालबुंद गडी होता. शेजारच्या प्रेक्षकाने सांगितलं, हा इथलाच, यॉर्कशरचा. नियमामुळे आत आलाय, म्हणून त्याचे अमेरिकन सोबती त्याला 'रूल' म्हणतात. म्हणजे नियम. मी कान टवकारले. कॉलेजच्या हॉस्टेलवर पोरांनी मलाही असंच एक नाव दिलं होतं: 'सवलत'. मी घराण्यातला पहिला पदवीधर, पहिल्या वर्गात पास झालो, आणि निकालाच्या दिवशी त्याच पोरांना पेढे दिले. समोर रूल स्वतःपेक्षा अंगाने दीडपट असलेल्या एका माणसाला अडवून उभा होता. तो नियमाने आत आला, हे खरं. पण आत आल्यावर जागचा हलला नाही, तो कुठल्या नियमाने? त्या दिवसापासून चौसष्ट नंबर माझा.

मग एका उन्हाळ्यात लीगच बंद पडली. स्टॅग्जचं सामान इंटरनेटवर विकायला निघालं. चेंडू फेकणाऱ्या अमेरिकन स्टार लोकांच्या वस्तूंवर उड्या पडल्या, चौसष्टकडे कुणी बघेना. मी बघितलं. जर्सी, चिलखत, पँट एकेक करून जमवली. आमच्या या छंदाचा एक दंडक आहे. वस्तू सामन्यात वापरलेली हवी आणि चिखलाच्या डागांसकट हवी. धुतली की गेली.

राहिलं होतं हेल्मेट आणि बूट. २००८च्या मे महिन्यात दोन्हींचा पत्ता लागला, तशी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली, जुळवून बघायला जर्सी, चिलखत, पँटही मागच्या सीटवर टाकली आणि माझी जुनी फियाट घेऊन निघालो.

कॉव्हेंट्री

हेल्मेट पाम नावाच्या आजीबाईंकडे होतं. नवरा-बायको दोघं स्टॅग्जचे पक्के पाठीराखे. नवरा आता नाही. बाईंनी मला घरातून थेट मागच्या अंगणात नेलं आणि वर बोट दाखवलं. हेल्मेट उलटं करून हनुवटीच्या पट्ट्यांनी आकड्याला टांगलेलं, आणि त्यात लालभडक जिरेनियम फुललेलं.

"डोक्यावर हवेसाठी भोकं असतात ना," बाई कौतुकाने म्हणाल्या, "पाणी छान निथळतं. इतकी चांगली कुंडी दुकानात मिळत नाही."

मी म्हटलं, "मला फक्त हेल्मेट हवंय, झाड तुम्ही ठेवा."

"छे! आता ते उपटलं तर मरेल. झाडासकट ने. आणि हे बघ लव्ह, त्याला मारू नकोस. डेव्हने लावलंय."

लव्ह ही इकडची हाक. भाजीवाला, बस ड्रायव्हर, आजीबाई, कुणीही कुणालाही घालतं. पहिल्या वर्षी मी लाजायचो, आता वळून बघतो. चहाबरोबर बाईंनी बिस्किटं दिली, मीही आईने पाठवलेल्या भडंगाचा पुडा दिला. एक घास खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास त्यांनी तरीही घेतला.

झाडाला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला. मोटरवेवर शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली पोरं हात हलवत होती. मला नव्हे, जिरेनियमला.

लीड्स, गुरुवार

खुद्द चौसष्ट नंबर, म्हणजे कॉलिन, मला त्याच्या कामाच्या जागी भेटला. आता तो लोकांची घरं हलवतो. कपाटं, पियानो, फ्रीज उचलून व्हॅनमध्ये भरायचे आणि दुसऱ्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढवायचे. मी बघतच राहिलो. इतके दिवस ज्याची जर्सी भिंतीला लावली, तो माझ्या बापाच्याच धंद्यातला निघाला.

"तू माझ्या वस्तू गोळा करतोस, हे मला आधी खोटंच वाटलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या अंगाच्या मानाने फारच हळू. "माझ्या बायकोला अजून वाटतं."

मी त्याला गाडीतलं हेल्मेट दाखवलं. तो जिरेनियमकडे बघत खदखदून हसला. "माझ्या डोक्यात इतकं चांगलं आधी कधी काही उगवलं नव्हतं!"

मग त्याने व्हॅनमधून एक प्लास्टिकची पिशवी आणली. आत काळे बूट, चौदा नंबरचे, तळाला रबरी बोंडं, बोंडांत शेवटच्या सामन्याचा वाळलेला चिखल. पैशाचं नाव काढलं तर म्हणाला, "विकत नाही, देतोय. बाकीचं सगळं क्लबचं होतं, त्यांनी विकलं. हे तेवढे माझे होते. पण मला एकदा सगळं एकत्र बघायचंय. डोक्यापासून पायापर्यंत. खेळत होतो तेव्हा कधी नीट बघितलंच नाही."

शनिवारी दुपारी जेवायला ये, असं मी त्याला सांगून टाकलं. घर माझं नव्हतं, आमंत्रण माझं.

घर होतं शैलाकाकूंचं. काका इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. लीड्सच्या गणपतीत काकूंनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "कुठला रे तू?" मी सांगली म्हटलं, त्या म्हणाल्या, "अरेरे. मी मिरजेची." तेव्हापासून लीड्सला आलो की मुक्काम त्यांच्याकडेच, आणि सांगली-मिरजेचं भांडणही तिथेच.

त्यांनी दार उघडलं. माझ्या एका हातात जिरेनियम, दुसऱ्या हातात पिशवी.

"झाड आत आण. पिशवीत काय?"

"बूट आहेत, काकू. तेच ते, खास—"

"बाहेर."

"पिशवीत आहेत, आणि माती पण वाळलेली—"

"बूट ते बूट. मिरजेत आमच्याकडे कलेक्टर आले होते, त्यांनीसुद्धा बाहेर काढले."

हॉस्टेलच्या पोरांचं मी ऐकून घेतलं नाही. पण काकूंपुढे बोलायची माझी काय टाप! पायरीवर आधीच एक पांढरी पिशवी ठेवलेली होती, तिच्या शेजारी मी माझी पिशवी नीट, सरळ ठेवली. काकूंच्या हातची गरम थालीपिठं खाल्ली आणि झोपलो.

लीड्स, शुक्रवार

सकाळी दार उघडलं तर पायरी स्वच्छ.

इकडे एक चाल आहे. धर्मादाय दुकानांची माणसं रिकाम्या पिशव्या दारातून टाकून जातात. आपण त्यात जुने कपडे भरून ठरल्या सकाळी पायरीवर ठेवायचे, त्यांची व्हॅन येऊन घेऊन जाते. आपल्याकडे बोहारीण येते, पण ती बसते, घासाघीस करते, जुन्या साडीला भोकं शोधते. इथे कुणी काही विचारत नाही. पायरीवर आहे, म्हणजे दान आहे.

"काकू, माझे बूट!"

काकू पदराला हात पुसत आल्या. पायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं बाई. शेजारी कशाला ठेवलेस?"

"तुम्हीच बाहेर ठेव म्हणालात!"

"बाहेर म्हटलं. दानात म्हटलं का?"

काका कामावर निघाले होते. बुटांची नाडी बांधता बांधता, अर्थात पायरीवर बसून, ते म्हणाले, "दत्ता, बाहेर काढायला लावणं हा तिचा धर्म आहे. माझ्या हॉस्पिटलच्या बॉसलाही मोज्यांवर बसवलंय हिने. तू फक्त बूट शोध."

शोधायलाच हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलिन येणार होता, आणि जी एक वस्तू त्याने स्वतःच्या हाताने दिली, तीच मी एका रात्रीत घालवली होती. जर्सी हरवली असती तर इंटरनेटवर दुसरी बघता आली असती. हे बूट जगात एकच जोडी.

काकूंनी साडीवर अनोरॅक, म्हणजे टोपीचं पावसाळी जाकीट, चढवला, पायात पांढरे ट्रेनर्स घातले आणि गाडी काढली. काकूंच्या पांढऱ्या पिशवीवर नाव होतं त्या दुकानात आम्ही पोचलो तेव्हा काउंटरच्या मागे मॉरीन नावाच्या बाई जुन्या कपबशा पुसत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"काळे? होडीएवढे?" त्यांनी विचारलं.

"तेच!"

"ते आत आलेच नाहीत, लव्ह. व्हॅनमधून उतरवत होते तेव्हाच विल्फने बघितले. पैसे हातात ठेवले आणि घालूनच गेला."

"विल्फ कोण?"

"या भागात चौदा नंबरचे पाय एकाचेच. दर शुक्रवारी येतो, बूट आले का विचारतो. इतकी वर्षं आले नव्हते." मग त्यांचा चेहरा पडला. "आज मी फार खूश झाले होते रे त्याच्यासाठी."

विल्फ कुठे सापडेल हेही त्यांनीच सांगितलं: रेल्वेच्या रुळांमागच्या अलॉटमेंटवर. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलने भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. शहरातली माणसं तिथे हौसेने भाजी पिकवतात. आमच्याकडे शेतीतून सुटायला लोक शहरात येतात, इथे शहरात राहून शेतीसाठी नंबर लावतात.

गाडीत काकू म्हणाल्या, "सांगलीकरांना वस्तू सांभाळता येत नाहीत, हे मी माहेरीही ऐकलं होतं."

"आणि मिरजकरांच्या पायरीवर वस्तू टिकत नाही, हे आम्ही आता सांगू."

विल्फ लांबूनच ओळखू आला. शेडपेक्षा माणूस उंच. बस चालवून निवृत्त झालेला, सत्तरीतला, हातात खोरं, आणि पायांत... मला बघवेना. वाळलेल्या चिखलावर ओल्या चिखलाचा घोट्यापर्यंत थर.

मी माझी सगळी कथा सांगितली. लीग, चौसष्ट नंबर, शेवटचा सामना. त्याने खोऱ्यावर हनुवटी टेकून शांतपणे ऐकून घेतली.

"तुझे होते तर पायरीवर का ठेवलेस?"

"आमच्यात बूट घरात नेत नाहीत."

"मग घरात काय घालता?"

"काही नाही."

"यॉर्कशरमध्ये?" त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "हे बघ लव्ह, मी तरुण होतो तेव्हापासून मापाच्या बुटांना महाग आहे. या मातीत माझे साधे बूट घसरतात. मागच्या वर्षी बटाट्यांत आडवा झालो, शेजारच्यांनी फळीवर घालून नेलं. आज पहिल्यांदा सरळ उभा आहे. तू हे घेऊन काय करणार? घालणार?"

"भिंतीपाशी ठेवणार."

"भिंत कुठे घसरते?"

मी इंजिनियर आहे, खोटं उत्तर सुचलंही नाही. माणसाचं म्हणणं रास्त होतं, आणि तेच फार त्रासाचं होतं.

काकूंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं, त्या खाली बघत होत्या. "हा रुबार्ब तुमचा?"

रुबार्ब म्हणजे लाल दांड्यांची, भयंकर आंबट अशी वनस्पती. लीड्सच्या आसपास ती उदंड पिकते आणि इंग्रज तिच्यात साखर ओतून तिचं 'क्रंबल' नावाचं पुडिंग करतात.

"माझा. क्रंबल करता?"

"मी भाजी करते. आमच्याकडे अंबाडी असते, तशी. लसणाची फोडणी, मिरची, वर शेंगदाणे."

"रुबार्बमध्ये लसूण?" विल्फने खोरं जमिनीत रोवलं. बूट मागितले तेव्हासुद्धा तो इतका हादरला नव्हता. "हे मला बघावं लागेल."

"उद्या जेवायला या मग. एक वाजता. रुबार्ब तुम्ही आणा."

परत येताना मी चिडलोच. "काकू, अहो बूट मागायचे सोडून तुम्ही त्याला जेवायला काय बोलावलंत? उद्या कॉलिनही येतोय. त्याच्या समोर त्याचेच बूट घालून हा माणूस बसणार!"

"तू गाडीत बस. आणि ते झाड मरायला टेकलंय, त्याला घरी गेल्यावर पाणी घाल."

लीड्स, शनिवार

सकाळपासून मी दिवाणखान्यातल्या उंच खुर्चीवर कॉलिनला मांडत होतो. पाठीला चिलखत, त्यावर जर्सी, बैठकीवर पँट. हेल्मेट मात्र जिरेनियमच्या ताब्यात. झाड काढावं तर पामबाईंना दिलेला शब्द मोडतो, ठेवावं तर चौसष्ट नंबरच्या डोक्यावर फुलं. खुर्चीखाली, बुटांच्या जागी, नुसता गालिचा.

एक वाजायच्या आधीच बेल वाजली. दारात विल्फ. सूट, टाय, बगलेत रुबार्बची मोळी. मी त्याच्या पायांकडे बघितलं.

बूट चमकत होते. आरशासारखे. बोंडांच्या खाचांतूनसुद्धा माती काढलेली, वर काळं पॉलिश.

"काल संध्याकाळी नळाखाली घासले," तो अभिमानाने म्हणाला. "बाईंच्या घरी जेवायला यायचं, तर चिखलाचे बूट घालून कसं यायचं?"

शेवटच्या सामन्याचा चिखल लीड्सच्या गटारात गेला होता. मी भिंत धरली.

मागून काकूंचा आवाज आला, गोड, इंग्रजीत, आणि मिरजेत आलेल्या त्या कलेक्टरांनाही ऐकू आला असेल असा खणखणीत:

"या, या मिस्टर विल्फ! फक्त बूट तेवढे बाहेर काढा."

विल्फ थबकला. त्याने आपल्या बुटांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग हळूहळू त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "कालच ठरवलं होतंस, होय ना, लव्ह?"

"तीस वर्षं या देशात आहे," काकू मला मराठीत म्हणाल्या. "मासेवाला लव्ह म्हणतो, हा लव्ह म्हणतो. तुझ्या काकांना अजून जमलेलं नाही." काका आतून खाकरले.

विल्फने बूट पायरीवर उतरवले आणि मोज्यांवर आत आला. खुर्चीतलं झाड बघताच म्हणाला, "याला पाणी घालून घालून बुडवलंय कुणी?" त्याने काकूंकडून एक जुनी कढई मागितली. गुडघे टेकून हेल्मेटच्या कडेने सुरी फिरवली, आणि मातीचा गड्डा मुळांसकट अलगद उचलून कढईत बसवला. झाड जिवंत, हेल्मेट मोकळं. पामबाईंना पाठवायला मी फोटो काढला.

तेवढ्यात कॉलिनची व्हॅन थांबली.

मी दाराबाहेर धावलो. त्याने काही बघायच्या आत आपण सांगावं असं ठरवलं होतं, पण तो पायरीशी उभा राहून चमकत्या जोडीकडे बघत होता.

"हे माझे?"

"तुझेच," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पायरी, पिशवी, व्हॅन, बटाटे, पॉलिश. काही लपवलं नाही. "चिखल गेला, कॉलिन. सामन्याचं आता त्यांच्यावर काही राहिलं नाही."

त्याने एक बूट उचलला. उलटा करून बोंडांवरून बोट फिरवलं. मला हळद बाजारात पोतं फुटल्यावर उभ्या राहणाऱ्या नवख्या हमालासारखं वाटत होतं.

आतून विल्फ मोज्यांवर दारापर्यंत आला. "बूट तुझे का? मग मला एक सांग. डाव्या बुटात अंगठ्याशी खड्डा कसला आहे? माझा पाय सारखा तिरका पडतो. कालपासून विचार करतोय, कुठल्या वाकड्या पायाच्या माणसाने घातलेत."

कॉलिनने बुटात हात घातला, चाचपलं, आणि तो हसायला लागला. आधी हळू, मग पायरी हलेल असं. "माझ्या! पहिल्याच मोसमात अंगठा मोडला होता. कोचला सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं. वाकडाच बसला तो, आणि तसाच खेळलो." त्याने बूट माझ्या हातात दिला. "बघ, हात घालून बघ."

मी हात घातला. आत, चामड्यात, वाकड्या अंगठ्याची खोलगट जागा होती. विल्फच्या नळाचं पाणी तिथवर पोचलं असेल, पण ती कशाने धुतली जाणार होती?

"विल्फ," कॉलिन म्हणाला, "तुझा नंबर किती?"

"चौदा."

कॉलिनने वाकून आपल्या पायातले बूट काढायला घेतले. कामाचे, जाड तळाचे, पुढे लोखंडी टोपी. "हे घाल. पियानो घेऊन ओल्या जिन्यावर चढतो, घसरलो नाही. घरी अजून दोन जोड आहेत."

विल्फने ते घातले, पायरीवर टाच आपटली, अंगणात दोन पावलं टाकली. बटाट्यांचा प्रश्न सुटला हे त्याच्या पाठीवरून कळलं.

आत आल्यावर कॉलिन खुर्चीसमोर उभा राहिला. हेल्मेट आता जर्सीवर बसवलेलं. तो स्वतःलाच बघत होता. मग खाली बघून म्हणाला, "पाय बाहेरच राहिले."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर खोचला, आतून पाट आणला, खुर्चीपुढे ठेवला, त्यावर जुना पेपर पसरला. बाहेर गेल्या आणि पायरीवरचे बूट स्वतःच्या हाताने उचलून घेऊन आल्या.

"आज ते पाहुणे," त्या म्हणाल्या. "उद्या विचारू नकोस."

काका जागेवरून उठून बघायला आले. त्यांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग जेवण. रुबार्बची भाजी, ज्वारीची भाकरी, कांदा. विल्फने पहिला घास संशयाने घेतला आणि तिसऱ्यांदा भाजी वाढून घेताना सांगितलं की क्रंबल ही त्याच्या आईची चूक होती. कॉलिन भाकरी काट्याने खायला निघाला, काकूंनी काटा काढून घेतला.

जेवता जेवता कॉलिनने विचारलं, "पण मीच का? तिकडे एवढे मोठे खेळाडू होते."

मी त्याला 'सवलत'ची गोष्ट सांगितली. आणि आण्णांची, हळदीच्या पोत्यांची, पिवळ्या बनियनांची. तो भाकरी हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "तुझे वडील आहेत? लाव फोन."

सांगलीत संध्याकाळ झाली होती. आण्णांना सगळं समजावून सांगितलं की हा अमुक खेळाडू, आता सामान वाहतो. खेळाबद्दल आण्णांनी काहीच विचारलं नाही.

"पाठ कशी आहे म्हणावं त्याची?"

मी विचारलं. कॉलिन म्हणाला, "पाठ बरी आहे. गुडघे गेले."

मी आण्णांना सांगितलं. तिकडून लगेच आवाज आला, "मग माणूस खरा आहे. नवशिक्याची पाठ जाते. जो गुडघ्यात बसून उचलतो, त्याचे गुडघे जातात. माझे पण गेलेत, सांग त्याला."

मी सांगितलं. चौसष्ट नंबरने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यात यॉर्कशरच्या इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला. तिकडून आण्णा सांगलीच्या मराठीत तेवढंच लांब बोलले. मी मध्ये पडलो नाही.

रीडिंग, परत

रविवारी घरी पोचून सगळी मांडणी केली आणि आण्णांना फोन लावला. म्हटलं, आता डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण झाला बघा माणूस.

"ते बरं झालं," आण्णा म्हणाले. "पण मला काल रात्रीपासून एक कळेना. त्याचे जुने बूट तुझ्याकडे. पायातले त्या म्हाताऱ्याला दिले. मग तो गडी घरी गेला कसा?"

गेला तो काकांच्या कोल्हापुरीवर. काकांचा नंबर आठ. कॉलिनची अर्धी टाच मागे रस्त्यावर, पट्टा बोटांत कसाबसा अडकलेला, आणि व्हॅनपर्यंत तो काचेवरून चालल्यासारखा गेला. पुढच्या आठवड्यात चप्पल त्याने पोस्टाने परत पाठवली. काका म्हणतात, आता ती त्यांनाच सैल होते.

त्या रविवारी फोनवर व्हॅनपर्यंतचं ऐकूनच आण्णा इतके हसले की आईने फोन घेतला आणि काय झालं म्हणून विचारलं. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आणि बूट घरात ठेवलेस?"

"हो, आई."

"ठेव बाबा. बाहेर ठेवून बघितलंसच."

माझे रोजचे बूट मात्र मी अजून दाराबाहेरच काढतो. सात नंबरचे आहेत. आजवर कुणी नेलेले नाहीत.